रविवारचं गिऱ्हाईक

"उद्यापासून नाकतोडी दुकानात गल्ल्यावर बसेल," असं म्हणून आबांनी पुढचा घास घेतला. आबांनी घास घेतला की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याने टेबलाखालून नाकतोडीला, आपल्या भाचीला, पायाने खूण केली. खूण 'गप्प राहा' अशी होती, पण ती बसली भाचीच्या बापाच्या, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाच्या नडगीवर.

"आई गं!"

"काय झालं?" आबांनी मान वर केली.

"जीभ चावली," थोरला म्हणाला आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. गाद्या शिवता शिवता या माणसाचं निम्मं आयुष्य न बोलता गेलं होतं आणि उरलेलं निम्मं तसंच गेलं तरी त्याची काही तक्रार नव्हती.

आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवायची. चाक दुसऱ्याच्या हातात द्यायचं, शेजारी शांतपणे बसायचं आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा, हा तिचा धंदा. घरातही ती हेच करते असं धाकटा भाऊ चारचौघांत सांगायचा. ती त्यावर रागवायची, पण खोटं आहे असं तिने कधी म्हटलं नव्हतं. आजही चाक आबांच्या हातात होतं. फक्त त्यांना माहीत नव्हतं की गाडी कुठे चालली आहे.

नाकतोडीने तोंड उघडलं नाही. एरवी ही पोरगी आजोबांना एका वाक्याला दोन वाक्यं परत देणारी. आज ती शहाण्या मुलीसारखी बसली आहे हे पाहूनच वहिनीच्या कपाळावर आठी पडली. आईच ती. मुलगी गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे तिला कळायचं.

बेत तसा साधा होता. रविवारी दुकान बंद. जेवण झालं की आबा तासभर झोपतात. ते झोपले की मागच्या गोदामात नाकतोडीने उडी मारून दाखवायची, आणि ती बघायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजातली कोचबाई येणार. कोचबाई म्हणजे आत्याचीच शिष्या, गेल्या आठवड्यात परीक्षा पास झालेली. गाडी मागे घ्यायची म्हटलं की ही धिप्पाड बाई चाकच सोडून द्यायची. तिला गाडी मागे घ्यायला शिकवता शिकवताच आत्याने विषय काढला होता: माझी एक भाची आहे, उंच उडी मारते. मारायची. आता तिचं जुनं कॉलेज तिला विचारत नाही.

"उडी बघितल्याशिवाय मी कुणाला घेत नाही," कोचबाई म्हणाली होती. "एकच जागा उरलीय. सोमवारी संघ ठरतो. घोटा बरा झालाय हे डॉक्टर सांगेल. तो घोटा उडी मारेल का, हे डॉक्टरला नाही सांगता येत."

उडी मारायला नाकतोडीला कुणी शिकवलंच नव्हतं. या घरातली पोरं गोदामात चालत जात नसत. फळीवर चढायचं आणि गाद्यांच्या ढिगात स्वतःला टाकून द्यायचं, हीच रीत. बाकीची पोरं मोठी होऊन सुधारली. ही काही सुधारली नाही. नुसते पाय वाढले. तिला कॉलेजने बोलावून नेलं तेव्हा आबांनी गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन ती बातमी सांगितली होती, ज्यांना आधीच सांगितली होती त्यांनासुद्धा. आणि त्या कॉलेजची उडीची गादी फाटली आहे असं कळताच ते छाती पुढे काढून म्हणाले होते, "माझी नात दुसऱ्याच्या गादीवर पडणार? मग आम्ही इथे काय पेरू विकतो?"

त्यांनी गादी केली. निवडक कापूस, वर लोकरीचा थर, आणि मधोमध ती प्रसिद्ध कूस. आबांच्या गादीत मध्यभागी जरासा खळगा असे. माणूस आडवा झाला की गादी त्याला आत ओढून घ्यायची. या कुशीसाठी लोक लांबून येत. नाकतोडी पहिल्यांदा त्या गादीवर पडली तेव्हा गादीने तिलाही आत ओढून घेतलं. उंच उडी मारणारा पाठीवर पडतो आणि त्याच झोकात मागे कोलांटी घेऊन उभा राहतो. तिचा झोकच गादीने गिळला. एक पाय अंगाखाली राहिला, अंग त्याच्यावरून गेलं, आणि घोट्यातलं लिगामेंट फाटलं. सबंध मोसम वाया गेला, संघातून नाव गेलं, मैत्रिणी स्पर्धांना गेल्या आणि ही घरी भिंतीला पाय लावून व्यायाम करत बसली. काय झालं असं ज्याने विचारलं त्याला तिने एकच उत्तर दिलं: "धावताना पाऊल चुकलं." खरं काय ते फक्त आत्याला ठाऊक होतं. एकदा गाडीत बसून रडताना ती सगळं बोलून गेली होती आणि मग आत्याला शपथ घातली होती, आबांना कळता कामा नये म्हणून.

तर असा बेत होता. आबांचं जेवण अजून अर्ध्यावरच होतं, आणि खाली दाराची घंटा वाजली.

कोचबाईच असणार, हे आत्याने ओळखलं. कोचबाईला गर्दीच्या चौकात वळण घ्यायची भीती वाटायची. ते टाळायला ती लांबचा रस्ता धरायची आणि लांबच्या रस्त्याला वेळ लागेल म्हणून फार लवकर निघायची. हे तिला कुणी शिकवलं होतं? आत्यानेच.

"मी बघते," आत्या उठली.

"बंद आहे म्हणून सांग," वहिनी म्हणाली.

"बंद?" आबांनी ताट सरकवलं. "दारात आलेलं गिऱ्हाईक मी आजवर परत पाठवलेलं नाही." आणि हात पुसत ते आत्याच्या आधी जिन्यात पोचलेसुद्धा.

दारात कोचबाई उभी होती. खेळाचे बूट, घामेजलेलं कपाळ, आणि चेहऱ्यावर पाठांतर विसरलेल्या मुलीचे भाव. आत्याने आबांच्या खांद्यामागून तिला डोळ्यांनी खुणावलं.

"गादी हवीय," कोचबाई म्हणाली. "पाठ दुखते."

"या, या. कुठे दुखते?"

कोचबाईने खांद्याला हात लावला, आत्याचा चेहरा पाहिला आणि हात कमरेवर आणला.

"फिरतं दुखणं दिसतंय," आबा गंभीरपणे म्हणाले. "झोपता कशा? पाठीवर, कुशीवर, की पोटावर?"

"पाठीवर," आत्या म्हणाली.

"तुला गं काय माहीत?"

"माझ्याकडे गाडी शिकायच्या ना. सीटवर बसायची पद्धत बघितली की कळतं."

"असं? मी जन्मभर गाद्या करतोय, मला अजून झोपलेला बघितल्याशिवाय कळत नाही." आबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तू वर जा. गिऱ्हाईक आडवं होताना घरच्यांनी भोवती उभं राहिलेलं मला चालत नाही. बाई, बूट काढा. या पहिल्या गादीपासून सुरुवात करू. घाई नाही."

घाई नाही म्हणजे आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही. आत्या जिना चढून वर आली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आत सगळेच होते. वहिनी ताटं धूत होती, थोरला ती पुसत होता, आणि धाकटा भाऊ ओट्याला टेकून पुतणीच्या वाटणीचं फळ खात होता. या धाकट्याला आबा 'फोमशेठ' म्हणत, कारण त्याने बापाचा कापूस सोडून रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, फोमच्या गाद्यांचं चकचकीत दुकान टाकलं होतं. तेव्हापासून तो रविवारी जेवायला यायचा, पण फोम हा शब्द या घरात शिवीसारखाच वापरला जायचा.

"खाली कोण आलंय?" वहिनीने विचारलं.

लपवून आता फायदा नव्हता. आत्याने सगळं सांगून टाकलं. कोचबाई कोण, जागा एक, संघ उद्या ठरणार, आणि आबा झोपायच्या ऐवजी कोचलाच झोपवत बसले आहेत.

"म्हणजे आपल्याला आबांना तिथून हलवायला हवं," ती म्हणाली. "कोण हलवतो?"

"मी," फोमशेठने हात वर केला. "खाली जाऊन नुसतं म्हणतो, आबा, कापसाचे दिवस गेले. दीड तास तरी कुठे जात नाही."

"आणि कोच?"

"तिला काय, ती पळून जाईल. लोक पळतातच."

"कुणी कुठे जायचं नाही," वहिनीने नळ बंद केला. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि तिचा आवाज एक्स-रेच्या खोलीतल्यासारखा झाला होता. हलू नका म्हटलं की माणसं हलत नसत. "त्या घोट्याचा फोटो मी माझ्या हाताने काढलाय. पोटच्या पोरीला टेबलावर झोपवून, पाय असा धर, तसा धर, असं सांगत. तुम्हाला सगळ्यांना गंमत वाटते ही?"

"आई, घोटा बरा झालाय," नाकतोडी म्हणाली. "मला धावता येतं. मला जायचंय तिथे."

"आणि परत पाऊल चुकलं तर?"

"पाऊल कुठे चुकलं होतं?" फोमशेठ म्हणाला आणि लगेच फळाचा मोठा लचका तोडला. उशीर झाला होता.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे... मी आपला मैदानावर गेलो होतो सहज. ती गादी बघितली. कूस आहे तिला. उडीच्या गादीला कुणी कूस ठेवतं?"

"आत्या!" नाकतोडी किंचाळली.

"मी चकार शब्द बोललेले नाही!" आत्या म्हणाली, आणि एकदाच्या खऱ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवेना म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कूस मीच शिवली," थोरला म्हणाला. तो बोलला याचंच सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की काय बोलला ते कळायला क्षणभर लागला. "शिवतानाच वाटलं होतं. आबांना म्हणणार होतो."

"मग का नाही म्हणालास?"

थोरल्याने पुढचं ताट पुसायला घेतलं.

"मलाही माहीत होतं," वहिनी हळूच म्हणाली. "जिथून पाय पिळला गेला ना, तिथून तो धावताना पिळत नाही. मी रोज बघते असले पाय." तिने मुलीकडे पाहिलं. "तू म्हणालीस पाऊल चुकलं. मी म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल."

नाकतोडी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. एवढे महिने तिने पोटात ठेवलेलं गुपित या चौघांच्याही पोटात होतं आणि चौघंही तिच्यासमोर ताकास तूर लागू देत नव्हते. तिला रडावं की हसावं कळेना. मग ती हसली, आणि ते पाहून आत्याला सुटल्यासारखं झालं.

"ठीक आहे," आत्या म्हणाली, "पण आबांना यातलं काही—"

दार उघडलं. आबा उभे होते.

"झोपली," ते म्हणाले.

"कोण?"

"गिऱ्हाईक. दुसऱ्याच गादीवर. घोरतेय." त्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. मग त्यांनी आत्याकडे मान वळवली. "अंग टाकताना गळ्यातली शिटी बाहेर आली तिच्या. पाठदुखीवर शिटीचा काय उपयोग असतो गं?"

"रहदारीत लागते," आत्या म्हणाली. "गाडीचा हॉर्न बिघडलाय तिच्या."

"बये, लहानपणी तू थाप मारायच्या आधी कान खाजवायचीस."

आत्याने कानावरचा हात खाली घेतला.

"कुठल्या कॉलेजची आहे?" आता ते नातीला विचारत होते.

आत्याचा पाय फरशीवर दाबला गेला, पण ही गाडी काही तिची नव्हती. नाकतोडी पुढे आली.

"नदीपलीकडच्या," ती म्हणाली. "आबा, मला तिथे जायचंय. गल्ल्यावर नाही बसायचं मला. त्यांच्याकडे एकच जागा आहे. आज त्यांनी माझी उडी बघितली नाही, तर उद्या ती जागा दुसरीला जाईल. मग मला कुणी घेणार नाही. एक मोसम मैदानाबाहेर काढलेल्या मुलीला कोण विचारतं?"

फोमशेठच्या हातातलं फळ तसंच राहिलं. आबा नातीच्या तोंडाकडे बघत नव्हते, तिच्या घोट्याकडे बघत होते. मग ते धाकट्याकडे वळले. आत्याला वाटलं, आता याचं काही खरं नाही. आबांचा राग कुणावरचाही असो, निघायचा धाकट्यावरच.

"तुझ्याकडे जाड फोम आहे का रे?"

फोमशेठला ठसका लागला.

"कान फुटले का? जाड. घट्ट. एकावर एक ठेवले तर माझ्या छातीपर्यंत येतील इतके तुकडे. गोदामात आणून टाक."

"या घरात?" फोमशेठचा आवाज चिरकला. "आबा, फोम?"

"मग तुझ्या दुकानात काय दगड विकतोस?"

फोमशेठ जिन्यावरून असा पळाला की उडी मारायची त्यालाच आहे असं वाटावं. त्याने ते दुकान टाकलं तेव्हापासून आबांनी रस्ता ओलांडून एकदाही त्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. आज ते मागत होते. आत्याने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने वहिनीकडे. फोम मागितला म्हणजे गादीचं आबांना माहीत होतं. कधीपासून आणि किती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"मी परवानगी दिलेली नाही," वहिनी म्हणाली. "कुणी मला विचारलंय?"

थोरल्याने हातातलं ताट जागेवर ठेवलं. खुर्चीवर चढून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढला, दांडा आकड्यांमधून सोडवला आणि खांद्यावर टाकून तो जिना उतरून गेला. लग्नानंतर बायकोच्या विरुद्ध त्याने केलेली ही पहिली गोष्ट असावी.

"माझा दांडा!" म्हणत वहिनी त्याच्या मागे गेली. आत्याने नाकतोडीला ढकललं आणि दोघी त्यांच्या मागे.

गोदामात कापसाचा आणि नव्या खोळींचा वास होता. समोरासमोरच्या दोन मांडण्यांवर थोरल्याने दांडा नुसता टेकवून ठेवला, धक्का लागला की पडेल असा. उंची नाकतोडीच्या कपाळाएवढी. मागचं मोठं दार उघडल्यावर धावायला गल्ली मिळत होती. फोमशेठ आणि त्याचा नोकर मोठमोठे पांढरे ठोकळे आणून टाकत होते आणि आबा कमरेवर हात ठेवून, नाक मुरडून ते रचून घेत होते.

"हा तिकडे सरकव. फट ठेवू नकोस. फटीत पाय जातो. हा मऊ आहे, खाली घाल. वर घट्टच हवा."

"आबा, तुम्हाला फोममधलं कळतं?" फोमशेठ धापा टाकत म्हणाला.

"शत्रूच्या मालाची माहिती ठेवावी लागते."

तेवढ्यात कोचबाई आली. गालावर गादीच्या शिवणीचे वळ, केस एका बाजूला बसलेले. तिने आत्याला हळूच विचारलं, "कळलं का त्यांना?"

"सगळ्यांना सगळं कळलंय," आत्या म्हणाली. "तुम्ही झोपल्यामुळे बरीच कामं झाली."

ढीग रचून झाला तेव्हा आबांनी चपला काढल्या, खोक्यावर चढले, सगळ्यांकडे पाठ केली आणि काही कळायच्या आत मागे पडले. वहिनी ओरडली. थोरला धावला. आबा फोममध्ये आपटले आणि फोमने त्यांना परत वर फेकलं. ते उठून बसले, विस्कटलेल्या केसांवर हात फिरवला आणि थोडा वेळ विचार केला.

"निर्लज्ज माल आहे," त्यांनी निर्णय दिला. "जरासुद्धा माया नाही. पण धरून ठेवत नाही. चालेल."

नाकतोडी गल्लीत जाऊन उभी राहिली. कोचबाईने हाताची घडी घातली आणि तिच्यातली झोपाळू बाई कुठल्या कुठे गेली. नाकतोडीने दोनदा जागच्या जागी उड्या मारल्या, श्वास घेतला, धावायला लागली. छान धावत होती. आत्याला धावेतलं ते शेवटचं वळण दिसलं, पाय उचलला जाईल असं वाटलं, आणि पोरगी दांड्याच्या अलीकडे थांबली. परत गेली. परत धावली. परत थांबली.

तिसऱ्यांदा ती दांड्यापर्यंत आलीच नाही. अर्ध्यावर उभी राहिली.

"घोटा दुखतोय?" कोचबाईने विचारलं.

"नाही."

"मग?"

नाकतोडीने बुटाची नाडी पुन्हा बांधली. तिने एकदा ढिगाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. कोचबाईने आत्याकडे बघून मान जराशी हलवली. ती मान कसली आहे हे आत्याला कळलं. परीक्षेत गाडी बंद पडली की परीक्षकही तशीच मान हलवतो. काहीतरी बोलून वेळ काढावा म्हणून तिने तोंड उघडलं, पण आबा तिच्या आधी बोलले.

"पाऊल चुकलं नव्हतं तुझं."

"आबा, चुकलं होतं. मी—"

"माझ्यासाठी थापा मारू नकोस. थापा मारायला या घरात तुझी आत्या आहे. गादी चुकली होती. माझी." ते फोमच्या कडेवर बसले होते, पाय लोंबकळत होते. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी त्या मैदानावर गेलो. म्हटलं, आडवं होऊन बघू, कुठे काय झालं. आडवा झालो आणि झोप लागली मला. अशी लागली की मैदानाच्या माळ्याने पाय हलवून उठवलं."

फोमशेठच्या नाकातून हसू निसटलं.

"हस. मीही हसलो असतो. पण उठलो तेव्हा कळलं मला. ती झोपवणारी गादी होती. आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही मी, आणि तुला तिच्यावरून झटकन उठायचं होतं. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मग तू सांगितलंस पाऊल चुकलं. मी म्हटलं, बरं. माझी सोय झाली." त्यांचा आवाज जरा बसला. "गल्ल्यावर बसवली तर पोर पडणार तरी नाही, एवढाच विचार केला मी. तुझा नाही केला. माझा केला."

गल्लीत कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. नाकतोडीने हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"खरंच झोपलात?" तिने विचारलं.

"घोरत होतो म्हणे."

ती हसली. रडत रडत हसली आणि मग नुसतीच हसली. या म्हाताऱ्यावर आपलं किती प्रेम आहे हे तिच्या लक्षात आलं आणि त्याला एवढे महिने आपण काचेच्या भांड्यासारखं जपत होतो याची लाजही वाटली.

"उतरा, आबा," नाकतोडी म्हणाली. "माझ्या वाटेत बसलायत तुम्ही."

आबा उतरले. ती गल्लीत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत मागे गेली. वहिनी मांडणीशी उभी होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

नाकतोडी धावली. या वेळी वळणावर तिचा वेग वाढला. तोच घोटा फरशीवर दाबला गेला, अंग वर गेलं, पाठ दांड्यावरून वळली, टाचा शेवटी सुटल्या. ती फोमवर आपटली, फोमने तिला फेकलं, आणि त्याच झोकात कोलांटी घेऊन ती पलीकडे दोन्ही पायांवर उभी होती. दांडा जरासुद्धा हलला नव्हता.

फोमशेठने शिट्टी वाजवली. थोरल्याने तोंडावर हात ठेवला. आबांनी मांडणीला घट्ट धरून ठेवलं होतं.

"उद्या सकाळी मैदानावर ये," कोचबाई म्हणाली. "धावायची सुरुवात सुधारावी लागेल, आणि हाताचं काय करतेस ते मला अजिबात आवडलेलं नाही. पण ये. जागा तुझी."

आत्याने कोचबाईला मिठीच मारली. फोमशेठ आबांना मिठी मारायला गेला, आबांनी त्याला हाताने थोपवलं, मग थोपवलेला हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. या गडबडीत भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते नाकतोडीचं.

"आई," ती म्हणाली. "झाली उडी. मी बरी आहे. बघ."

वहिनी वळली. तिने मुलीच्या डोक्यापासून खाली घोट्यापर्यंत नजर आणली आणि तिथेच ठेवली. सगळे तिच्याकडे वळले, कारण शेवटचा शब्द कुणाचा आहे हे आता आबांनाही कळलं होतं. आत्याच्या मनात सतरा वाक्यं तयार होती, पण तिने एकही बाहेर काढलं नाही.

वहिनीने पदराने डोळे कोरडे केले, मांडणीपासून पुढे आली आणि अगदी फोमच्या कडेला, जिथून सगळं नीट दिसेल अशा जागी उभी राहिली.

"मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही. परत मार."